पार्श्वभूमी: गॅट्सबीचा पैसा आणि दारूबंदीच्या कायद्यातली पळवाट

स्कॉट फिट्झजेराल्डची 'द ग्रेट गॅट्सबी' ही अमेरिकन कादंबरी म्हटलं की जुने श्रीमंत विरुद्ध नवे श्रीमंत एवढ्यावरच चर्चा थांबते. कथा बहुतेकांना माहिती आहे म्हणून परत सांगत नाही, एवढंच की बेकायदा दारूवर नवश्रीमंत झालेल्या गॅट्सबीचं खानदानी टॉमच्या बायकोवर, डेझीवर, प्रेम आहे आणि हे सगळं सांगतो गॅट्सबीचा शेजारी निक. पण हा नवा पैसा आला कुठून ते बघितल्याशिवाय त्यातलं वर्गाचं भांडण नीट कळत नाही असं मला वाटतं.

मागचं थोडक्यात. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर रेल्वे, पोलाद, तेल यात अमाप पैसा झाला आणि एक-दोन पिढ्यांत तोच खानदानी म्हणून मिरवायला लागला. १९१३ ला इन्कम टॅक्स आला, त्याआधी अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या तिजोरीत दारूवरच्या कराचा वाटा एवढा मोठा होता की दारूबंदी परवडलीच नसती.

आता मुख्य मुद्दा. दारूबंदीची घटनादुरुस्ती १९१९ च्या जानेवारीत मंजूर झाली, अंमलबजावणीचा कायदा ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार डावलून पास झाला आणि १७ जानेवारी १९२० पासून बंदी लागू. पण बंदी होती दारू बनवण्यावर, विकण्यावर, वाहून नेण्यावर. पिण्यावर नाही! आधी घेऊन ठेवलेली दारू घरात ठेवायला आणि घरच्यांना, पाहुण्यांना पाजायला परवानगी होती. बंदीवाले म्हणायचे की आमचा रोख धंद्यावर आहे, पिणाऱ्यावर नाही, आणि लोकांच्या घरात शिरायला निघाले असते तर एवढी मतं मिळालीही नसती. राजकारण म्हणून समजू शकतं, पण परिणाम काय झाला बघा, ज्याच्याकडे तळघर आणि रोख पैसा होता त्याने मुदतीआधी साठा भरून घेतला आणि रोजंदारीवाला, जो गुत्त्यावर एकेक ग्लास विकत घ्यायचा, त्याचं मात्र पहिल्याच दिवशी बंद. निक ज्या क्लबात जेवायला जातो त्या क्लबाने तर १४ वर्षं पुरेल एवढी दारू साठवल्याचं सांगतात. हा कायदा पहिल्यापासून श्रीमंतांच्या सोयीचा होता, माझं मत स्पष्ट आहे.

दुसरी पळवाट औषधाची. डॉक्टरच्या चिठ्ठीवर दर १० दिवसाला एक पाइंट (साधारण अर्धा लिटर) व्हिस्की कायदेशीर मिळायची, म्हणून औषधाचं दुकान ही दारू विकायला उत्तम आड झाली. गॅट्सबीची 'खूप सारी' औषधदुकानं आहेत असं डेझी सांगते ते उगीच नाही, पुढे हॉटेलात टॉम आणि गॅट्सबीचं भांडण होतं तेव्हा या दुकानांतून चोरून दारू विकली जायची हेच टॉम बाहेर काढतो. आणि त्या प्रसंगात टॉमने स्वतः टॉवेलात गुंडाळून व्हिस्कीची बाटली आणलेली असते! म्हणजे वाहून नेण्याचा गुन्हा त्याचाही, पण गुन्हेगार ठरतो फक्त गॅट्सबी. भांडण संपल्यावर टॉम न उघडलेली बाटली शांतपणे परत टॉवेलात गुंडाळतो. वर्ग म्हणजे काय हे यापेक्षा नेमकं कुठे दाखवलेलं मला तरी माहिती नाही.

अजून एक गोष्ट वाचताना निसटते, गॅट्सबीचा वाडा मुळात एका बिअरवाल्याने बांधलेला आहे, त्याला तर शेजारच्या झोपड्यांवर गवताची छपरं हवी होती आणि त्यासाठी तो त्यांचा ५ वर्षांचा कर भरायला तयार होता. दारूचाच पैसा, फक्त त्याच्या वेळी कायदेशीर.

कादंबरीतल्या विल्सन या गरीब गॅरेजवाल्याच्या गॅरेजजवळचा राखेचा प्रदेशही खरा, न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या कोरोना भागात शहरातल्या कोळशाच्या राखेचे ढीग होते, त्यावरच १९३९ चं जागतिक प्रदर्शन भरलं आणि आता तिथे पार्क आहे.

कादंबरी आली १० एप्रिल १९२५ ला. पहिली आवृत्ती २० हजारांच्या वर, दुसरी ३ हजारांची, आणि तिच्यातल्या काही प्रती १९४० मध्ये लेखक गेला तेव्हाही विकल्या गेल्या नव्हत्या. दारूबंदी तोवर कधीच उठली होती, १९३३ च्या डिसेंबरमध्ये. मग दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना फुकट वाटायच्या खिशातल्या पुस्तकांत हिच्या दीड लाखाच्या आसपास प्रती छापल्या आणि तिथून ती शाळाकॉलेजात पोचली. २०१२ ला व्हाइट हाउसच्या एका आर्थिक सल्लागाराने एका आलेखाला 'ग्रेट गॅट्सबी कर्व्ह' हे नाव लोकांसमोर आणलं, देशात विषमता जितकी जास्त तितकी मुलांची कमाई आईबापांच्या कमाईवर जास्त ठरते असं तो दाखवतो, आणि श्रीमंत देशांमध्ये अमेरिका त्यात बरीच वरच्या टोकाला आहे.