४३०, किंग्ज रोड

लंडनच्या चेल्सी भागात, किंग्ज रोडच्या वर्ल्ड्स एंड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टोकाला असलेले कपड्यांचे छोटे दुकान. माल्कम मॅक्लॅरन (१९४६–२०१०) आणि व्हिव्हियन वेस्टवूड (१९४१–२०२२) यांनी १९७१ पासून ते चालवले आणि पुढच्या नऊ-दहा वर्षांत त्याची पाटी पाच वेळा रंगवली: ‘लेट इट रॉक’, ‘टू फास्ट टू लिव्ह, टू यंग टू डाय’, ‘सेक्स’, ‘सेडिशनरीज’, आणि ‘वर्ल्ड्स एंड’. पंक, म्हणजे १९७० च्या दशकातली संगीत आणि पेहरावाची बंडखोर लाट, म्हटल्यावर जो पेहराव डोळ्यांसमोर येतो, त्याचा मोठा भाग या गाळ्यात घडला. पण दुकानाची सुरुवात बंडातून नव्हे, तर जुन्या जमान्याच्या ओढीतून झाली. ते ध्यानात घेतले नाही, तर त्याचे पुढचे काम नुसता खोडसाळपणा वाटते.

गाळ्याला तरुणांच्या कपड्यांची सवय आधीपासून होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेथे ‘हंग ऑन यू’ आणि ‘मिस्टर फ्रीडम’ ही गाजलेली बुटिक होती, त्यानंतर ‘पॅराडाइज गॅरेज’ आले. १९७१ मध्ये मॅक्लॅरन यांनी त्याच्या मागच्या बाजूला बस्तान बसवले आणि लवकरच सगळा गाळा त्यांच्याकडे आला. ते कलाशाळांत शिकलेले होते, वेस्टवूड प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. किंग्ज रोडवर तेव्हा हिप्पींच्या झुळझुळीत कपड्यांची चलती होती आणि दोघांनाही ती सहन होत नव्हती. उतारा म्हणून त्यांनी १९५० चे दशक निवडले. दुकानाची आतली खोली त्या काळातल्या दिवाणखान्यासारखी सजवलेली होती; जुने रेडिओ, रॉक अँड रोलच्या तबकड्या आणि नियतकालिके कपड्यांच्या शेजारीच विकायला असत.

गिऱ्हाईक होते टेडी बॉइज, म्हणजेच टेड्स. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या उंची शिंप्यांनी सातव्या एडवर्डच्या काळातली लांब कोटांची ढब श्रीमंतांसाठी पुन्हा आणली होती. १९५० च्या दशकात ती कामगार वस्त्यांतल्या पोरांनी उचलली: गुडघ्याकडे झुकणारा, मखमली कॉलरचा कोट, पायाला चिकटणारी विजार आणि जाड क्रेप तळाचे बूट. म्हणजे मॅक्लॅरन-वेस्टवूड ज्या जुन्या गोष्टीच्या प्रेमात पडले, ती मुळात आणखी जुन्या गोष्टीची आठवण होती. १९७० च्या सुमारास टेड्सची नवी पिढी तयार होत होती आणि तिला अस्सल कोट हवे होते.

सुरुवातीला पडून राहिलेला जुना माल शोधून विकला जाई. तो पुरेना, तेव्हा वेस्टवूड यांनी जुने कपडे उसवून त्यांचे कटिंग अभ्यासले आणि तसेच नवे शिवायला घेतले. त्यांचे फॅशनचे शिक्षण मुख्यतः हेच. पुढे कपडा उलटा घालणे, शिवण बाहेर काढणे, चेन नको तिथे लावणे हे सगळे त्यांना जमले ते कपडा आतून कसा असतो हे हातांना माहीत होते म्हणून. पंकच्या इतिहासात घोषणांवर भरपूर लिहिले जाते. या उसवण्याला त्याहून जास्त जागा मिळायला हवी.

ऑगस्ट १९७२ मध्ये वेम्बली स्टेडियमवर रॉक अँड रोलचा मोठा कार्यक्रम झाला. तेथे दुकानाचा स्टॉल होता, पण खास छापलेले टी-शर्ट बरेचसे उरले. टेड्सचे प्रेम कर्मठ होते. त्यांना जसे होते तसेच हवे होते, आणि मालकांना त्यात बदल करायचा होता. १९७३ मध्ये ‘टू फास्ट टू लिव्ह, टू यंग टू डाय’ ही नवी पाटी लागली ती मोटरसायकलवाल्या रॉकर्सच्या चामडी जॅकेटांसाठी, अपघातात तरुणपणीच गेलेला अभिनेता जेम्स डीन याच्या स्मरणाने. या काळातल्या काही टी-शर्टांवर कोंबडीची उकडलेली हाडे साखळीने जोडून अक्षरे बनवली होती. आठवण जपण्याचे काम येथे संपले आणि तिची मोडतोड सुरू झाली.

१९७४ मध्ये दारावर गुलाबी रबराची अवाढव्य अक्षरे आली: सेक्स. खासगीत, चोरून वापरले जाणारे रबरी आणि चामडी कपडे भर रस्त्यावर टांगले गेले. टी-शर्ट म्हणजे जर्सीच्या कापडाचे दोन चौकोन जोडून शिवलेले, आणि त्यावर मजकूर किंवा चित्र. अर्धनग्न काउबॉय छापलेला असाच एक शर्ट घातल्याबद्दल १९७५ मध्ये एका तरुणाला पिकॅडिली सर्कसमध्ये अटक झाली. मालकांवरही खटला होऊन दंड झाला. पामेला रूक ऊर्फ जॉर्डन ही विक्रेती दुकानाचा चालता-बोलता चेहरा होती. ती समुद्रकाठच्या सीफर्डहून दुकानाचेच कपडे घालून रोज आगगाडीने येई. प्रवाशांचा त्रास टाळण्यासाठी रेल्वे कर्मचारी तिला पहिल्या वर्गात बसवत.

पुढे सेक्स पिस्टल्स या पंक बँडमध्ये वाजवणारा ग्लेन मॅटलॉक शनिवारी येथे काउंटर सांभाळी. त्याच बँडमधले स्टीव्ह जोन्स आणि पॉल कुक यांचा येथे सतत वावर असे. १९७५ च्या ऑगस्टमध्ये जॉन लायडन याला दुकानातल्या ज्यूकबॉक्ससमोर उभे करून गाण्याच्या तालावर हावभाव करायला लावले, आणि सेक्स पिस्टल्सला गायक मिळाला. बँडच्या नावात दुकानाचे नाव आहे, ते जाहिरातीसाठीच. बँडचे व्यवस्थापक असलेल्या मॅक्लॅरन यांनी हे कधी लपवले नाही.

१९७६ च्या अखेरीस दुकान सेडिशनरीज झाले. दर्शनी काच दुधी, बाहेरून काही दिसू नये अशी. आत दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराचे भिंतभर छायाचित्र. याच काळात दुकानाचे सर्वांत समर्थ काम झाले. दोन पायांना पट्ट्याने जखडणारी, पाठीमागे फडके लटकणारी बाँडेज विजार. बोटांच्या पलीकडे जाणाऱ्या बाह्यांचे, कड्या आणि हुक लावलेले मलमलीचे शर्ट. सैल विणीचे, मोहेअर या केसाळ लोकरीचे स्वेटर. रंगांचे पट्टे मारून त्यावर घोषणा आणि कार्ल मार्क्सचे चित्र लावलेला अ‍ॅनार्की शर्ट. हे कपडे महाग होते. बेकार पोरांना ते परवडत नसत, म्हणून त्यांनी घरच्याच शर्टाला कात्री लावली, सेफ्टी पिना टोचल्या. पंक देशभर पसरले ते या घरगुती आवृत्त्यांमुळे.

काही कपड्यांवर स्वस्तिक होते, नाझींचे. आई-बापांच्या पिढीला धक्का द्यायचा, असे समर्थन केले जाई. युद्ध संपून जेमतेम तीस वर्षे झालेल्या शहरात, छळातून वाचलेली माणसे त्याच रस्त्यांवरून चालत असताना, हे समर्थन तोकडे पडते. कपड्याच्या कल्पकतेने ते भरून निघत नाही.

१९७७ च्या उन्हाळ्यात, राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवी वर्षी, किंग्ज रोडवर टेड्स आणि पंक यांच्यात मारामाऱ्या झाल्या. वर्तमानपत्रांनी त्या रंगवल्याही, पण टेड्सचा राग समजण्यासारखा होता. ज्या दुकानाने त्यांचे कोट जिवापाड जपले, त्याच दुकानाची गिऱ्हाइके आता तसले कोट फाडून, पिना लावून मिरवत होती.

१९८० मध्ये वर्ल्ड्स एंड ही पाटी लागली, ती आजतागायत आहे. तिरकी जमीन आणि उलटे फिरणारे तेरा तासांचे घड्याळ हे तेव्हाचेच. मार्च १९८१ मधल्या समुद्री चाच्यांच्या पेहरावावरील संग्रहाने दोघांनी फॅशन शोच्या जगात प्रवेश केला. या वेळी उसवून पाहिलेले कपडे वीस-तीस नव्हे, दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीचे होते. काही वर्षांत दोघांची भागीदारी संपली. दुकान १९८४ मध्ये बंद पडले आणि १९८६ मध्ये वेस्टवूड यांनी ते पुन्हा उघडले.

न्यूयॉर्कच्या सेंट मार्क्स प्लेसवर १९७५ मध्ये सुरू झालेले ‘ट्रॅश अँड व्हॉडव्हिल’ हे कपड्यांचे दुकान याच काळातले भावंड. कॅलिफोर्नियात १९८९ मध्ये निघालेल्या ‘हॉट टॉपिक’ या दुकानसाखळीने बँडचे टी-शर्ट आणि काळे कपडे अमेरिकी मॉलमध्ये नेले.

सेडिशनरीजचे मूळ कपडे आता संग्राहक मोठ्या किमतीला घेतात, आणि नकलांचा सुळसुळाट आहे. मॅक्लॅरन आणि वेस्टवूड यांचा मुलगा जो कोरे याने २६ नोव्हेंबर २०१६ रोजी, सेक्स पिस्टल्सच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेला ४० वर्षे झाली त्या दिवशी, आपला पंक संग्रह टेम्स नदीत बोटीवर जाळला. पंकचा सरकारमान्य उत्सव त्याला मान्य नव्हता. संग्रहाची किंमत तो ५० लाख पौंड सांगत असे. त्याचा राग प्रामाणिक असेल, तरी झालेले नुकसान खरे आहे: हाताने शिवलेल्या कपड्याचा अभ्यास छायाचित्रावरून होत नाही. दुकानाचे काही कपडे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. तेथे २००४ मध्ये वेस्टवूड यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले होते.