परसातली, गावरानी की पोल्ट्रीची? नागपूरच्या लेआउटांतल्या कोंबडीची पार्श्वभूमी

२०२४ च्या डिसेंबरअखेर नागपूरजवळ गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट मेले. जानेवारीत भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला: एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू. पहिला संशय अर्थातच खाण्यातल्या कोंबडीवर गेला. मग ज्यांच्या घरामागे पाच-दहा कोंबड्या फिरतात, अशा मानेवाडा, बेसा, हुडकेश्वर, दाभ्याकडच्या घरांना शेजारीपाजारी विचारू लागले, हे चालतं का? परवानगी लागते का? या प्रश्नाला सरळ उत्तर का नाही, ते समजायला थोडं मागं जावं लागतं.

फार मागं नको. भोसल्यांच्या काळातल्या बागा, संत्र्याची आलेली रोपं, सिव्हिल लाइन्समधल्या साहेबांच्या बंगल्यामागचे मुर्गीखाने, हे सगळं खरं असलं तरी आजच्या खुराड्याशी त्याचा संबंध पातळ आहे. खरा संबंध सुरू होतो १९३६ पासून. त्या वर्षीच्या कायद्याने शहर सुधारण्यासाठी प्रन्यास आला आणि नागपुरात ‘लेआउट’ हा शब्द रुळला. पुण्यात माणूस पेठेत किंवा सोसायटीत राहतो, नागपुरात तो लेआउटमध्ये राहतो. लेआउट म्हणजे आखलेला रस्ता, आखलेला प्लॉट, आणि घराच्या चारही बाजूंनी सोडलेली मोकळी जागा, म्हणजे मार्जिन. मागच्या मार्जिनमध्ये विहीर किंवा बोअर, कढीपत्ता, पपई, लिंबू, धुण्याचा दगड. खेड्यातली सांदवाडी, म्हणजे घरामागची मोकळी जागा, आकसून एवढीशी झाली, पण उरली. कोंबडी तिथेच आली.

साठ ते ऐंशीच्या दशकांतलं नागपूर ज्यांना आठवतं, त्यांना रेल्वेच्या आणि सरकारी क्वार्टरांची मागची अंगणं आठवतील. क्वार्टरमध्ये कोंबड्या पाळणं हा छंद नव्हता, महिनाअखेरीचा आधार होता. दिवसा मोकळ्या, रात्री खुराड्यात, पिल्लंवाली असेल तर डालग्याखाली. खाणं म्हणजे ज्वारीची कणी, तांदळाचा कोंडा, उरलेली पोळी आणि जमिनीतले किडे. खुडूक बसली की तिच्याखाली शेजारणीची अंडीसुद्धा ठेवायची. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली की वाटणी. ही सगळी बायकांची उलाढाल होती आणि अंड्यांचे पैसे घरखर्चाच्या वहीत कधी चढत नसत.

आणि ती सगळ्यांची नव्हती, हेही सांगायला हवं. विणकर कोष्टी-हलबांच्या वस्त्यांत, इंदोरा-पाचपावलीकडे, मोमिनपुऱ्यात कोंबडी घरची होती. धंतोली-रामदासपेठेत अंडं वर्तमानपत्रात गुंडाळून येई, टरफलंही तशीच बाहेर जात. ‘लेआउटमध्ये कोंबडी शोभते का’ हा आजचा वाद वास आणि आवाजाचा म्हणून मांडला जातो. त्याच्या तळाशी ही जुनी रेघ आहेच.

सरकारला त्या काळी कोंबडी हवी होती. १९५८ साली नागपुरात पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. राज्यात अंडी उबवणीची मध्यवर्ती केंद्रं चार: पुणे, कोल्हापूर, औरंगाबाद आणि नागपूर. नागपूरचं सेमिनरी हिल्सला. तिथून तांबडी ऱ्होड आयलंड रेड घराघरांत गेली. गावठी कोंबडा द्या आणि जातिवंत कोंबडा न्या, अशा योजनाही त्या काळच्या. हेतू सरळ होता. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, तर अंड्यांसाठीच पाळलेली संकरित लेयर तीनशेच्या घरात. मधली कुणीतरी हवी होती. पण मधलीला दोन गोष्टी झेपल्या नाहीत. एक मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग: लस चुकली की रात्रीत खुराडं रिकामं. दुसरा नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस. पंचेचाळीस-शेहेचाळीस अंशांत कोंबडीला घाम येत नाही, ती फक्त चोच उघडून धापा टाकते. पत्र्याच्या खुराड्यावर ओलं पोतं टाकणं आणि कूलरची थोडी हवा मागच्या दाराने सोडणं, हे नागपूरचं पशुसंवर्धन पुस्तकात सापडणार नाही.

ऐंशीनंतर चित्र पालटलं. रोज अंडी खायला सांगणारी जाहिरात टीव्हीवर आली, ट्रेमधली पांढरी अंडी कोपऱ्यावरच्या किराण्यात आली, मांसासाठीचा ब्रॉयलर दीड महिन्यात तयार होऊ लागला. घरची कोंबडी परवडेनाशी झाली असं म्हणतात, पण माझ्या मते तिची लाज वाटू लागली होती.

ती टिकली शहराच्या कडेला. शेतजमिनीवर परवानगीविना पाडलेले प्लॉट, ज्यांना नागपुरात अजूनही ‘५७२’ आणि ‘१९००’ लेआउट म्हणतात, तिथे असे प्लॉट नियमित करणाऱ्या २००१ च्या गुंठेवारी कायद्यापर्यंत, आणि पुढेही, माणूस कागदावर धड शहरात नव्हता, धड गावात नव्हता. रस्ता नाही, नाली नाही, पण मागे मोकळा प्लॉट आणि त्यावर चरणाऱ्या कोंबड्या. नियमितीकरणाचं डिमांड लेटर आलं, सिमेंट रस्ता झाला, शेजारच्या प्लॉटवर चार मजली फ्लॅटस्कीम उभी राहिली आणि तिसऱ्या मजल्यावरून पहिली तक्रार आली. कोंबड्या त्याआधीपासून तिथे होत्या, हे तक्रारीत लिहायला रकाना नसतो.

आता मुख्य गुंत्याकडे. तो आहे ‘परसातील’ या शब्दात.

सरकारी मराठीत ‘परसातील कुक्कुटपालन’ असा शब्द आहे. नागपूरकडे परस कुणी म्हणत नाही, पण ते सोडा. योजनेतला परस ग्रामीण आहे. केंद्राच्या योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला चार आठवड्यांची पंचेचाळीस पिल्लं मिळायची, वीस, पंधरा, दहा अशा तीन हप्त्यांत. लेआउटमधल्या निवृत्त लिपिकाचं परस त्या व्याख्येत बसत नाही. पशुगणनेतला परस वेगळा. २०१९ च्या गणनेत देशात कोंबड्या आणि इतर पाळीव पक्षी मिळून ८५ कोटी निघाले, त्यांत परसातले सुमारे ३१ कोटी ७० लाख, आणि आधीच्या गणनेपेक्षा ते जवळपास ४६ टक्क्यांनी वाढलेले. प्रदूषणाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर परस नाहीच. तिथे ‘लहान’ फार्म पाच हजार पक्ष्यांपासून सुरू होतो. शहरांतली जनावरं आवरायला राज्याने १९७६ साली कायदा केला, पण तो गुरांचा. कोंबडी त्यात येत नाही. मग उरतं ते उपद्रवाचं कलम, आणि उपद्रव म्हणजे काय हे तक्रार करणाऱ्याच्या नाकावर ठरतं. मागच्या मार्जिनमधलं पत्र्याचं खुराडं बांधकाम धरायचं की सामान, यावरही असाच घोळ.

या गोंधळात बाजाराने स्वतःचा शब्द आणला, गावरान. नागपुरी तोंडात गावरानी. याला तर कुठलीच कायदेशीर व्याख्या नाही. गिऱ्हाईक तांबूस टरफल पाहून दुप्पट पैसे मोजतं. टरफलाचा रंग जातीवर ठरतो, चरण्यावर नाही. पिंजऱ्यात वाढलेली तांबडी लेयरही तांबूसच अंडं देते, आणि खरी गावरान बरेचदा फिकट, बदामी, लहान. सावजीच्या पाटीवर ‘गावरानी’ लिहिलेलं असतं तेव्हा आत काय शिजलंय हे हाडावरून आणि शिजायला लागलेल्या वेळावरून ओळखायचं. कडकनाथ या झाबुआच्या काळ्या कोंबडीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि पुढच्याच वर्षी पश्चिम महाराष्ट्रात तिच्या नावावर गुंतवणूकदारांची मोठी फसवणूक उघड झाली. नावाला भाव आला की असं होतंच.

शब्दांचा हा घोळ करमणुकीचा वाटेल, पण रोग आला की तो पैशात आणि जिवात मोजला जातो. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला तेव्हा तीन किलोमीटरच्या परिघातली कोंबडी मारायची असं ठरलं. पुढे हा परीघ एक किलोमीटरवर आला आणि दहा किलोमीटरपर्यंत निगराणी. वादाचा मुद्दा असा की परिघाला फार्म आणि परस यांतला फरक कळत नाही. पन्नास हजारांचं शेड आणि घरामागच्या सहा कोंबड्या, दोन्ही सारख्याच. रोगशास्त्राच्या बाजूने हे बरोबर आहे, विषाणू सातबारा बघत नाही. मोकळ्या कोंबड्या रानपक्ष्यांच्या संपर्कात येतात, आणि हिवाळ्यात अंबाझरी-फुटाळ्यावर पाहुणे पक्षी उतरतात. पण एच५ जातीचा सौम्य विषाणू जहाल होतो तो मुख्यतः हजारोंच्या दाटीत, हेही त्याच शास्त्राचं म्हणणं. त्याची चर्चा कमी होते.

भरपाईत तर परस पुसूनच जातं. २०२१ च्या साथीत राज्याने दर लावले: अंड्यावरची मोठी कोंबडी ९० रुपये, मांसल मोठी ७०, पिल्लू २०, अंडं ३. रकाने दोनच, अंड्यावरची किंवा मांसल. गावरानी दोन्ही आहे, वर तिच्याखाली पुढची पिल्लंही आहेत. बाजारात तिला या दराच्या कितीतरी पट मिळतात. अशा वेळी माणूस काय करतो? पश्चिम बंगालमध्ये २००८ साली, जिथे बहुतेक कोंबड्या घरगुतीच होत्या, लोकांनी त्या लपवल्या, नातेवाइकांकडे पोचवल्या. रोग आटोक्यात आणण्याच्या दृष्टीने याहून वाईट काही नाही, आणि याहून स्वाभाविकही काही नाही.

२०२४ च्या मार्चमध्ये नागपूरची पाळी आली, आणि रोग निघाला कुठे, तर सेमिनरी हिल्सच्या सरकारी उबवणी केंद्रातच. जिथून वर्षानुवर्षं पिल्लं वाटली गेली तिथल्याच साडेआठ हजारांच्या आसपास कोंबड्या माराव्या लागल्या, हजारो अंडी नष्ट झाली. दहा किलोमीटरच्या वर्तुळात शहराचा मोठा भाग आला. परसातल्या कोंबड्यांवर रोग आणल्याचा ठपका नेहमी पहिला येतो, म्हणून हे नोंदवून ठेवायला हवं.

मधल्या काळात परसाला नवे चाहते मिळाले होते. २०२० च्या सुरुवातीला कोंबडीने कोरोना होतो अशी अफवा उठली आणि दर कोसळले. काही आठवड्यांत लॉकडाउन लागला आणि तीच माणसं गच्चीवर पालक, कंपोस्टचा ड्रम आणि खाली चार कोंबड्या यांच्या मागे लागली. याला ‘अर्बन होमस्टेडिंग’ म्हणायची पद्धतही आली. मूळ अमेरिकेत होमस्टेड म्हणजे १८६२ च्या कायद्याने कसणाऱ्याला दिलेली १६० एकर जमीन. १९७० च्या दशकात तोच शब्द एका डॉलरला विकलेल्या ओसाड शहरी घरांना लागला. आता तो खुराड्याला लागतो. तिकडे निदान आकडा तरी असतो. सिअॅटलने २०१० साली घरटी कोंबड्यांची मर्यादा तीनवरून आठ केली आणि नर कोंबड्याला बंदी घातली.

कोंबड्यावर बंदी इथे कुणी घातलेली नाही, पण अडचण त्याचीच आहे. लेआउटमधल्या बऱ्याच घरांची सुरुवात रस्त्यावर मिळणाऱ्या गुलाबी-हिरव्या पिल्लांपासून होते. मुलं हट्ट करतात, दहा-वीस रुपयांत काम होतं. ही पिल्लं म्हणजे लेयरच्या हॅचरीतले नर. अंडी देत नाहीत, मांसाला परवडत नाहीत, म्हणून रंगवून विकायची. त्यातली बहुतेक आठवड्यात मरतात. जे जगतं त्याचा रंग गळतो, पांढरा कोंबडा होतो आणि पहाटे चारला आरवतो. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हे त्याला ठाऊक नसतं, पण फ्लॅटस्कीमच्या सेक्रेटरीला पाठ असतं. पोळा जवळ आला की हा वाद बहुधा तर्रीत मिटतो.