गाड्या वाढल्या, खाटांचं काय?

जुलै १९९२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला सरकारी रुग्णालयं एकामागून एक ‘खाट नाही’ म्हणत परत पाठवत राहिली. शेवटी खासगीत उपचार झाले. प्रकरण दिल्लीत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मे १९९६ च्या निकालातली २५ हजारांची भरपाई तेवढी लक्षात राहिली. राज्यभरासाठी एक मध्यवर्ती संपर्कयंत्रणा उभारा, म्हणजे खाट असेल तिथेच रुग्ण नेता येईल, हे त्याच निकालात होतं. त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

गाड्यांचं, म्हणजे रुग्णवाहिकांचं, मात्र मनावर घेतलं गेलं. २००५ साली हैदराबादेत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, २००८ साली गोव्यात आली आणि २०१४ मध्ये महाराष्ट्रात ९३७ गाड्यांची योजना आली, तीही गाडीत डॉक्टर देऊन. पलीकडची कॅज्युअल्टी, म्हणजे रुग्णालयाचा तातडीचा विभाग, होती तशीच राहिली. चालत आलेला रुग्ण केसपेपरच्या रांगेत थांबतो, स्ट्रेचरवरच्याला थांबवता येत नाही. वॉर्डात खाट नसली की तो कॅज्युअल्टीतच पडून राहतो, ट्रॉली अडते आणि ट्रॉली मिळेपर्यंत गाडीही. अपघात असेल तर एमएलसीचे, म्हणजे पोलिसांकडे जाणाऱ्या वैद्यकीय-कायदेशीर नोंदीचे, कागद आहेतच. तालुक्याहून ‘पुढे न्या’ सांगून पाठवलेलेही याच दारातून आत येतात.

मुंबईला खाटांचा हिशेब मांडायला २०२० उजाडावं लागलं. तोवर पालिकेच्या १९१६ या एकाच हेल्पलाइन क्रमांकावर भार होता. जूनमध्ये खाटवाटप पालिकेच्या २४ प्रशासकीय वॉर्डांच्या वॉर रूमकडे, म्हणजे नियंत्रण कक्षांकडे, गेलं: आधी खाट ठरणार, मग गाडी निघणार. वाद पेटला तो त्याच्या जोडीच्या निर्णयावर. कोविडचा रिपोर्ट प्रयोगशाळेने रुग्णाला न देता आधी पालिकेला द्यायचा. पॉझिटिव्ह कळताच लक्षणं नसलेलेही खाटेसाठी धावतात, खरा अत्यवस्थ मागे पडतो, हा युक्तिवाद. रुग्णालयाच्या दारातली गर्दी पाहिलेल्याला तो पटतो. पण स्वतःच्या आजाराचा कागद माणसापासून अडवून ठेवायचा? घरात वेगळं कुणी राहायचं, हे त्यावरच ठरत होतं. सर्वोच्च न्यायालयाने जूनमध्येच रिपोर्ट रुग्णाला द्या म्हणून सांगितलं. वॉर रूम टिकल्या. म्हणजे गर्दी आवरायला रिपोर्ट दडवण्याची गरज नव्हती, असंच म्हणावं लागतं.

पण ही सोय कोविडपुरतीच होती. छातीत कळ आलेल्याच्या किंवा अपघातातल्या जखमीच्या वाटेला ती आली नाही.