नवतपात सूर्य जवळ येतो? नाही हो!

मे संपत आला की आमच्या फोंड्याच्या फॅमिली ग्रुपवर तोच फॉरवर्ड, २५ तारखेपासून नवतपा, सूर्य रोहिणी नक्षत्रात जाणार आणि नऊ दिवस पृथ्वीच्या जवळ येणार म्हणून विदर्भ पेटणार. अहो उलटंय! पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण १४.७ कोटी किमी, आणि जुलैत सगळ्यात लांब, १५.२ कोटी. म्हणजे मेमध्ये ती लांबच चाललेली असते. सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो ते खरं, पण ते तारे कुठच्या कुठे, त्यांची ऊब इथे येत नाही.

नागपूर तापतं कारण २६ मेच्या आसपास दुपारी सूर्य तिथे बरोब्बर डोक्यावर, समुद्र लांब, आणि जमीन आधीच एवढी सुकलेली की ऊन पाण्याची वाफ करण्यात खर्चच होत नाही, थेट हवा तापवतं. आपल्या गोव्यात सूर्य मेच्या सुरुवातीलाच डोक्यावरून जातो, तरी पारा ३३-३४ च्या आसपासच, दुपारी खारा वारा सुटतो ना. मावशीकडे नागपूरला धुतलेली चादर अर्ध्या तासात कडक, इथे माझी आमसुलं तीन दिवस झाले तरी चिकटच. घामाचं पण तसंच, वाळतच नाही मेला.