ताट गार, फळी उबदार. तापमान मात्र एकच

२५ अंश सेल्सिअसच्या खोलीत रात्रभर शेजारी ठेवलेलं स्टीलचं ताट आणि लाकडी फळी सकाळी एकाच तापमानाला असतात. तरी ताट गार लागतं, कारण हात वस्तूचं तापमान मोजतच नाही. तापमान जाणणारी मज्जातंतूंची टोकं त्वचेच्या आत असतात. त्यांना कळतं ते त्वचा किती आणि किती झपाट्याने निवली एवढंच.

तळहाताची त्वचा साधारण ३३ अंशांवर असते. ती वस्तूला टेकली की उष्णता वहनाने पलीकडे जाऊ लागते आणि स्पर्शाच्या जागी दोघांच्या मधलं तापमान तयार होतं. ते कोणाकडे झुकणार हे एकट्या उष्णतावाहकतेवर ठरत नाही. वाहकता, घनता आणि विशिष्ट उष्मा (एक किलो पदार्थ एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता) यांचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ काढावं लागतं. एसआय एककांत हा आकडा त्वचेसाठी सुमारे १,२००, लाकडासाठी ४००, तर स्टेनलेस स्टीलसाठी ७,७०० येतो. ज्याचा आकडा मोठा, त्याच्याकडे तापमान झुकतं. त्यामुळे लाकडावर त्वचा ३१ अंशांच्या आसपास थांबते, स्टीलवर मात्र २६ पर्यंत उतरते. शुद्ध अ‍ॅल्युमिनियमची वाहकता स्टेनलेस स्टीलच्या जवळजवळ सोळापट, पण तिथे त्वचा फार तर आणखी पाऊण अंश खाली जाते. २५ च्या खाली जायला वावच नाही!

हे गणित जाड वस्तूचं. अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ फॉइलमध्ये उष्णता साठायला वस्तुमानच नसतं. ती क्षणात त्वचेइतकी तापते आणि गारवा संपतो. वस्तू ३३ अंशांवर असेल तर धातू आणि लाकूड सारखेच लागतात. ६० अंशांवर बाजू उलटते: लाकडावर त्वचा ४० च्या आसपास राहते, स्टीलवर ५६ वर जाते आणि भाजते.

पडताळायचं तर एकाच साच्यातले बर्फाचे दोन खडे घ्या. एक जाड बुडाच्या पातेल्यात, दुसरा फळीवर ठेवा. ‘गार’ पातेल्यातला आधी वितळेल. पातळ ताट घेतलं तर ते स्वतःच लवकर थंड होतं आणि फरक कमी दिसतो.

इन्फ्रारेड थर्मामीटरने तापमान तपासताना चकचकीत स्टील हमखास फसवतं. ते स्वतः फार कमी प्रारण (इन्फ्रारेड किरणं) सोडतं आणि समोरच्या माणसाच्या अंगाचं प्रारण परावर्तित करतं. त्यावर काळी इलेक्ट्रिकल टेप चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि नेम टेपवर धरा.