मुरमावर टायरमध्ये हवा किती?

नाशिकभोवती माउंटन बाइक फिरवणाऱ्याची गाठ दोन प्रकारच्या जमिनीशी पडते. डोंगरउतारावर बेसाल्ट झिजून झालेला मुरूम, म्हणजे खाली कडक थर आणि वर सुट्टी बारीक खडी. शिवारात उतरलं की काळी माती. रामशेजच्या पायथ्याचे कच्चे रस्ते घ्या किंवा गंगापूर धरणाकडच्या वाटा, वळणावर चाक सरकतं ते बहुतेक वेळा मुरमावर. मग दुकानात जाऊन हलका हँडलबार, भारीतला डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) बघणं सुरू होतं. माझं मत ठाम आहे: पहिले पैसे टायरला द्यावेत आणि त्याआधी, एक पैसा न घालवता, हवा नीट करावी.

टायर जमिनीला किती टेकतो, याचं गणित सोपं आहे. भाराला हवेच्या दाबाने भागायचं. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरले तर मागच्या चाकावर साधारण ५० किलो येतात. हवा ४० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) असेल तर टायर जेमतेम १८ चौरस सेंटिमीटर टेकतो, म्हणजे काडेपेटीएवढा. हवा २५ वर आणली की तीच जागा २८ चौरस सेंटिमीटर होते. टायरच्या भिंतीही थोडा भार पेलतात, त्यामुळे आकडे अंदाजाचे. पण फरक खरा आहे आणि पहिल्याच वळणावर कळतो.

पकडीइतकाच महत्त्वाचा आहे वेग. घट्ट टायर दगडावर आदळला की स्वारासकट सगळी सायकल वर उचलली जाते, आणि ती उचलायला लागणारी ऊर्जा पुढे जाण्याच्या वेगातूनच वजा होते. हवा कमी असेल तर दगड टायरमध्ये रुततो, रबर तेवढ्यापुरतं दबतं आणि सायकल सरळ पुढे जाते. गुळगुळीत डांबरावर उलट हिशेब असतो. तिथे रबर जितकं कमी दबेल तितकी ऊर्जा कमी वाया जाते. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये पूर्ण केलेली रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजे अमेरिका आडवी पार करण्याची सायकल शर्यत, डांबरी रस्त्यांवरची होती. त्या प्रकारच्या सायकलिंगमधला ‘हवा टाइट ठेवा’ हा सल्ला मुरमावर आणू नये.

माउंटन बाइकचा जन्मच मुळी जाड टायरमधून झाला. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत गॅरी फिशर, जो ब्रीझ आणि त्यांचे मित्र जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरावरून खाली पळवायचे. १९७६ पासून त्यांनी शर्यतीही भरवल्या. सस्पेन्शन फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा आणि धक्का बसला की दबणारा चिमटा, बाजारात रुळायला १९९० उजाडावं लागलं. तोवर धक्के सोसत होती ती टायरमधली हवा आणि स्वाराचे हातपाय.

हवा कमी करण्याला मर्यादा आहे. फार कमी झाली तर वळणावर टायर आडवा हलतो आणि दगडावर रिम आपटते. ट्यूब काढून बघा. शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या तर दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटली होती, म्हणजे हवा कमी पडली. एकच बारीक भोक असेल तर तो बाभळीचा काटा. सत्तरेक किलोच्या माणसाने सव्वादोन इंची टायरला ट्यूब असेल तर पुढे २८ आणि मागे ३१ पासून सुरुवात करावी. मग एकाच ओळखीच्या तुकड्यावर फिरून दर वेळी दोन-दोन पीएसआय उतरवत जावं आणि रिम लागू लागली की दोन परत चढवावेत. यासाठी दाब मोजायचा स्वतःचा गेज लागतोच. अंगठ्याने दाबून २५ आणि ३२ मधला फरक समजत नाही.

डिसेंबरमध्ये आणखी एक गोष्ट होते. पहाटे १० अंश तापमानात २५ पीएसआय भरले आणि दुपारी पारा ३० वर गेला, तर तीच हवा २८ च्या जवळ पोचते. हवा मोजायची ती सायकल चालवण्याच्या वेळी.

खर्च करायचाच असेल तर ट्यूबलेस करून घ्या. ट्यूबच नसल्याने चिमटण्याचा प्रश्न मिटतो आणि हवा आणखी चार-पाच पीएसआय उतरवता येते. टायरच्या आत ओततात त्या सीलंटमध्ये, म्हणजे भोक बुजवणाऱ्या द्रवात, लॅटेक्स असतं. काट्याच्या भोकातून हवेबरोबर ते बाहेर धावतं आणि तिथेच सुकून भोक बुजवतं. नाशिकच्या उन्हाळ्यात मात्र ते आतल्या आतही सुकतं, म्हणून दोन-तीन महिन्यांनी तपासून भर घालावी. मुरमासाठी टायर निवडताना कडेच्या गुट्ट्या, म्हणजे रबराचे उंचवटे, बघा. वळणावर सायकल झुकते तेव्हा सगळी भिस्त त्यांच्यावर असते. पावसाळ्यात काळी माती टाळावी. पाणी पिऊन फुगलेली ती चिकणमाती टायर आणि फ्रेममधली फट भरून टाकते आणि चाक फिरायचंच थांबतं.

हवेवर चालणारा फोर्क असेल तर तिथेही तेच तत्त्व. नेहमीच्या कपड्यांत, पाठीवर पाणी घेऊन सायकलवर उभे राहा. फोर्कच्या नळीवरची रबरी रिंग खाली सरकवा, हलकेच उतरा आणि रिंग किती वर गेली ते पट्टीने मोजा. जास्तीत जास्त १०० मिलिमीटर दबणाऱ्या फोर्कला ते अंतर २० ते २५ मिलिमीटर असावं. एवढं आधीच दबलेलं असल्यामुळे खड्डा आला की चाक खाली जाऊन जमीन धरून ठेवतं.

गिअरबद्दल थोडक्यात. पुढे पेडलपाशी एकच ३२ दात्यांची चेनरिंग (दातेरी चकती) आणि मागे सर्वांत मोठ्या चकतीला ५० दाते, ही नवी रचना आकर्षक वाटते. पेडलच्या एका फेरीत २९ इंची चाक तिच्यावर सुमारे १.४७ मीटर जातं. जुन्या २६ इंची सायकलवर पुढे २२ आणि मागे ३४ दाते असतील तर अंतर भरतं १.३४ मीटर, म्हणजे चढाला ती अधिकच सोपी. नव्या रचनेत चेन कमी उतरते आणि गिअर टाकताना गोंधळ होत नाही, हे फायदे खरे आहेत; चढ सोपा होईल या आशेने मात्र ती घेऊ नये. आहे त्या सायकलची चेन मोजत राहा. नव्या चेनच्या बारा पूर्ण कड्या बरोबर बारा इंच भरतात. दीड मिलिमीटर जास्त भरल्या की चेन बदला, म्हणजे कॅसेटचे, मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाचे, दाते झिजायच्या आत नवी चेन बसते आणि तीच कॅसेट पुढेही चालते.