रिपोर्टमध्ये मीटर कमी का दिसतात?
(महिला हॉकी व फुटबॉल संघांच्या प्रशिक्षकांसाठी)

खेळाडूंच्या व्हेस्टमध्ये बसवलेल्या जीपीएस युनिटवरून त्या किती धावल्या, याचा रिपोर्ट आम्ही देतो. तो हाती पडला की बहुतेक फोन एकाच तक्रारीचे येतात: "आमची मिडफिल्डर अख्खं मैदान पिंजून काढते आणि तुमच्या आकड्यांत ती निम्मा वेळ चालतेय!" युनिट बिघडलेलं नसतं. मुलगी बेंचवर किती वेळ होती, हे कोणी लिहून ठेवलेलं नसतं.

हॉकीत बदलीला मर्यादा नाही. 15 मिनिटांच्या चार क्वार्टरमध्ये एकच मुलगी अनेकदा आत-बाहेर होते. समजा, ती 40 मिनिटं खेळली आणि 4,800 मीटर धावली, म्हणजे मिनिटाला 120 मीटर. त्यात बेंचवरची 20 मिनिटं धरली की तोच आकडा 80 वर येतो. तो खरा मानून दुसऱ्या दिवशी तिला जादा फेऱ्या मारायला लावल्या, तर आधीच दमलेल्या पायांवर भार पडतो. म्हणून आम्ही या नोंदीसाठी एवढे मागे लागतो.

"बेंच नकाशावर दिसतंच की!" दिसतं, पण जीपीएसमध्ये मीटर-दोन मीटर इकडे-तिकडे होतंच आणि बेंच साइडलाइनला लागून. कडेला थांबलेली विंगर आणि बसलेली बदली खेळाडू यांत फरक करायला आम्हाला व्हिडिओ लावून एकेक बदली शोधावी लागते. रिपोर्टला उशीर होतो तो इथे.

किटसोबत छापील तक्ता येतो: जर्सी नंबर, बाहेर, आत. तो मॅनेजरकडे द्या. वेळ मोबाइलमधलीच लिहा. स्कोअरबोर्डचं घड्याळ मध्ये थांबतं, युनिट उपग्रहाच्या वेळेवर चालतं.

युनिट ड्रेसिंग रूममध्ये नको, उघड्या मैदानात वॉर्मअपच्या दहा मिनिटं आधी चालू करा. व्हेस्ट अंगाला घट्ट हवा, खांद्यांमधला खिसा हलता कामा नये. मुलींच्या मापाचे व्हेस्ट आम्ही मुद्दाम वेगळे ठेवतो.

फुटबॉलमध्ये स्प्रिंट आम्ही ताशी 23 किलोमीटरपासून मोजतो, पुरुषांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या 25 पासून नाही. 2019 च्या महिला विश्वचषकाच्या विश्लेषणात फिफानेही 23 च धरले होते. पुरुषांची पट्टी लावली तर मुलींच्या कितीतरी खऱ्या स्प्रिंट मोजल्याच जात नाहीत.

तक्ता भरून आला तर रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मिळतो. स्पर्धेत नोंदीला माणूस नसेल तर आमचा माणूस बेंचशेजारी बसतो. पूर्ण हंगामाच्या बुकिंगमध्ये त्याचे वेगळे पैसे नाहीत.